नववधूच्या पावलांचा अळता



बंगालमध्ये नवरी सजते, तेव्हा पावलंही रंगतात.
तळव्याच्या कडेनं लाल रेघ ओढतात.
बोटांची टोकं रंगवतात.
हा अळता.

पूर्वी अळता लाखेचा असे.
लाखेचे किडे पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर वाढतात.
ती कच्ची लाख खरवडायची.
पाण्यात धुतली, की लाल रंग सुटतो.
त्यात कापूस भिजवून वाळवत.
लावताना तो पुन्हा ओला करत.

सासरी नवरी दूध-अळत्याच्या परातीत पाय ठेवते.
मग लाल पावलं उमटवत घरात येते.
किती देखणा क्षण असतो तो!

आता अळता बाटलीत मिळतो.
तो बहुधा लाखेचा नसतो, कृत्रिम रंगाचा असतो.
म्हणून दोन दिवस आधी हातावर थोडा लावून पाहा.
खाज सुटली, तर तो पायाला लावू नका.