नकोसा कार्यक्रम आणि गावाची वाहिनी

(वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण)



दूरचित्रवाणीवर नको ते दिसू लागले की आपला पहिला उद्गार असतो, “हे बंद करा!” परंतु बंद काय करावयाचे, कार्यक्रम की वाहिनी? अमेरिकेत मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात हा प्रश्न फार तिखटपणे उभा राहिला होता. त्याची हकीकत आज सांगते.

तिकडे केबल कंपनीला रस्त्यांवरून तारा न्यावयाच्या तर शहराची परवानगी लागते. ती देताना पुष्कळ शहरे अट घालीत आली, की एक वाहिनी रहिवाशांसाठी मोकळी ठेवा. न्यूयॉर्कमध्ये ही चाल १९७१ साली पडली. सामान्य माणसाने यावे, कॅमेरा चालवायला शिकावे आणि आपल्या पाळीने कार्यक्रम दाखवावा. १९८४ च्या कायद्याने तर या कार्यक्रमांत ढवळाढवळ करण्यास कंपनीला मनाई केली. थोडक्यात, गावचा पारच म्हणा ना! आणि पारावर कोण येऊन बसेल याचा काय नेम?

१९८७ साली तेथे कू क्लक्स क्लॅनने वेळ मागितला. पांढरे झगे घालून काळ्या लोकांना जाळणारी, फासावर लटकावणारी ही जुनी संघटना. तिला ‘रेस अँड रीझन’ हा वंशद्वेषाचा कार्यक्रम दाखवावयाचा होता. लोक खवळले. विरोधाच्या अग्रभागी इमॅन्युएल क्लीव्हर हे काळे धर्मोपदेशक आणि नगरपरिषदेचे सभासद होते. हेच पुढे १९९१ साली शहराचे पहिले काळे महापौर झाले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या झग्यांच्या भीतीने दारे लावून रात्री काढल्या, त्यांना “आवडत नसेल तर पाहू नका” असे सांगणे मला तरी निर्दयपणाचे वाटते.

पण एकट्या क्लॅनला नाकारणे कायद्यात बसेना. मग १९८८ साली परिषदेने ती मोकळी वाहिनीच काढून टाकण्यास संमती दिली. एकाचे तोंड बंद करण्यासाठी सगळ्यांचीच तोंडे बांधली! क्लॅन न्यायालयात गेली, आणि नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या संस्थेने तिचे वकीलपत्र घेतले. १९८९ साली न्यायाधीशांनी दावा फेटाळण्यास नकार दिला, तेव्हा त्याच वर्षी परिषदेने वाहिनी पुन्हा सुरू केली. १९९० मध्ये क्लॅनचा कार्यक्रम दिसलाच.

मला यात खटकते ते हे, की त्याच वाहिनीवर विरोधकांनाही वेळ मागता येत होता. द्वेषाच्या कार्यक्रमाला त्याच पडद्यावर, त्याच आठवड्यात उत्तर देता आले असते. ते काम चिकाटीचे. ठराव करण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे.

अश्लीलतेचा प्रश्न मात्र निराळा, कारण तेथे मुले असतात. १९८४ च्याच कायद्याने मागणाऱ्या ग्राहकाला वाहिनी कुलूपबंद करण्याचे साधन देणे कंपनीवर बंधनकारक केले. १९९२ साली या मोकळ्या वाहिन्यांवरील असभ्य कार्यक्रम रोखण्याचा अधिकार कंपन्यांना मिळाला. तो १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अशा वाहिन्यांवर गावाचीच देखरेख असते, मग कंपनीच्या हाती कात्री कशाला, असे त्यामागील एक कारण होते. घराचे कुलूप घरातल्या बाईच्या हाती असावे, कंपनीच्या नव्हे, हे मला पटते.

आपल्याकडे अशी मोकळी वाहिनी कायद्याने मिळालेली नाही. आपला केबलचा कायदा १९९५ चा. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्थानिक केबलवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हा समित्या नेमण्याचे आदेश काढले, आणि त्या समित्यांत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना व स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीला जागा ठेवली. आपल्या जिल्ह्यात त्या जागेवर कोण बसते? आपल्यापैकी दोघी-तिघींनी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन एवढे विचारून यावे. आणि तक्रार नेताना नुसते “घाणेरडे दाखवतात” असे लिहू नये; तारीख, वेळ, वाहिनी आणि नेमके काय दिसले, ते लिहावे.