घरातील श्रम आणि पुढाकार



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी कुटुंबातील श्रमाविषयी चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. श्रमाची थोरवी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहे. कष्ट करा म्हणजे बरकत येईल, हे तर घराघरांतून लहानपणापासून कानी पडते. ते खोटे नाही. पण अपुरे आहे, असे आमचे नम्र मत आहे. ते कोठे अपुरे पडते, हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या या करवीर नगरीतच त्याचा दाखला आहे.

कोल्हापुरी चप्पल सर्वांस ठाऊक आहे. ती एका हाताची करणी नव्हे. बाभळीची साल व हिरडा यांच्या साहाय्याने कातडे कमावले जाते, व त्यास दिवसांमागून दिवस लागतात. पुढे तळ कापणे व ठोकणे हे काम बहुधा पुरुषांचे. वेण्या गुंफणे, पट्टे शिवणे यांत घरच्या बायकांचा हात. जुन्या रीतीच्या जोडीत खिळा नसतो; सारी शिलाई चामड्याच्याच वादीने होते. चूल सांभाळून, लेकराकडे एक डोळा ठेवून हे काम चालते. अशा घराइतके कष्टाळू घर शोधून सापडावयाचे नाही.

मग अशा घरी लक्ष्मी का नांदली नाही? आळसामुळे खास नव्हे. समाजाने चामड्याच्या वहाणा पायांत घातल्या, पण चामडे कमावणाऱ्यास दूर उभे केले. माल नेणारा सांगेल तो भाव. घरातही हिशेब व्हावयाचा तो जोडीचा. त्या जोडीत वेणी घालणारीच्या बोटांचा वाटा किती, हे क्वचितच मोजले गेले. यावरून असे दिसते की, ज्या श्रमास मान नाही व आपले मोल ठरविण्याचा अधिकार नाही, तो माणसास जगवितो, पण वर येऊ देत नाही. त्यास पुढाकाराची जोड लागते.

पुढाकार म्हणजे काय, हेही कोल्हापूरनेच शिकविले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) गंगाराम कांबळे हे सरकारी पागेत नोकरीस होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतील या गृहस्थास पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार खावा लागला. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केलेच. शिवाय गंगारामांस स्वतंत्र धंदा करावयास सांगून साह्यही दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घातले. परंतु वरच्या म्हणविणाऱ्या जातींचे गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवीत, गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत.

या गोष्टीत लोक राजाचे औदार्य पाहतात, ते योग्यच आहे. आम्ही आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो. मार खाल्लेल्या मनुष्याने त्याच शहरात, भर रस्त्यावर, आपल्या स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्यांसमोर चहाचा पेला मांडला. हे धैर्य कोणत्याही राजास दान करता येत नाही. आणि दुसरे असे की, एवढे धैर्यही पहिल्या गिऱ्हाइकावाचून वाया गेले असते.

अलीकडे चप्पल करणाऱ्यांसही आपल्या नावाचे मोल कळू लागले आहे. इ. स. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांच्या या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील प्रादा कंपनीने मिलान येथे तशाच वहाणा नामनिर्देशावाचून मांडल्या, तेव्हा येथून आवाज उठला. आणि मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची, हे त्या कंपनीस मान्य करावे लागले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने जे एकट्याने साधले नव्हते, ते आपल्या कामावर आपले नाव सांगण्याच्या धैर्याने काही अंशी साधले.

आता आपापल्या घराकडे वळू. सून म्हणते, लोणची-मसाले करून विकू. मुलगा म्हणतो, दुरुस्तीचे लहानसे दुकान घालू. त्यावर 'हे आपल्यास जमावयाचे नाही' असे प्रथम म्हणणारे परके नसतात, घरचेच असतात. भांडवल बुडेल, ही वडीलधाऱ्यांची भीती निराधार नव्हे. म्हणून आरंभ लहान असावा, वही रोजची रोज लिहावी, कर्ज ऐपतीबाहेर नसावे. परंतु भीतीपायी आरंभच होऊ न देणे, हेही एक बुडणेच आहे. त्यात पैसा राहतो, पण माणसाची उमेद जाते.

नासरेथच्या शेजाऱ्यांनी आपल्या प्रभूस 'हा तर सुतार' म्हणून हिणविले होते, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. हातांनी काम करणाऱ्यास कमी लेखण्याची खोड इतकी जुनी आहे. ज्यांचा प्रभू सुताराच्या घरी वाढला, त्यांच्या घरात तरी ती नसावी.

तेव्हा या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. घरात कोण किती राबते याचा एकवार सर्वांनी मिळून हिशेब मांडावा. त्यात आईचे व लेकीचे काम सुटू नये. आणि आपल्या घरात वा शेजारी कोणी नवा उद्योग आरंभिला, तर त्याचे पहिले गिऱ्हाईक आपण व्हावे, व पुरते दाम मोजावे. आशीर्वाद तर द्यावाच. पण गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्यास पहिली विक्री हाच मोठा आशीर्वाद वाटतो.