हौशी सायकलपटूचा आठवडा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर आणि लोकशाहीवर आपण पुष्कळ ऐकता. आज आम्ही सायकलीवर बोलणार आहोत, हे ऐकून काहींच्या मुद्रेवर हसू उमटले असेल तर त्यात नवल नाही. आपल्याकडे सायकल म्हणजे दुधाच्या किटल्या लावायचे, शाळेत जायचे आणि फटफटी येताच पडवीत टांगून ठेवायचे वाहन. परंतु आमचा खरा विषय ते वाहन नाही. दिवसभर पोटाचा उद्योग करून उरल्या वेळात जो शर्यतीची तयारी करतो, त्या माणसाविषयी आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत.

अशा माणसास आपण 'हौशी' म्हणतो. हौशी नट, हौशी गवई, तसाच हौशी सायकलपटू. या शब्दात आपण नकळत थोडा कमीपणा मिसळतो. जणू खरा खेळाडू तो दुसराच, आणि हा केवळ मिरवणारा. वस्तुस्थिती काय आहे ती पाहू. पगारी खेळाडूचे काम एकच असते. तो सराव करतो, जेवतो, झोपतो. त्याची सायकल दुसरा पुसतो, त्याचे अन्न तिसरा शिजवतो. हौशी माणसास मात्र तोच घाट, तोच वारा आणि तेच अंतर कापावयाचे असते, पण सोमवारपासून शनिवारपर्यंत संसार सांभाळून. म्हणून आमचे म्हणणे असे की, हौशी सायकलपटूचा खरा कस रविवारच्या शर्यतीत लागत नाही. तो त्याआधीच्या आठवड्यात लागतो.

हे निव्वळ बोलणे नाही. अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची एक विलक्षण शर्यत १९८२ पासून चालत आली आहे. पश्चिमेच्या कॅलिफोर्नियातून निघायचे आणि पूर्वेच्या समुद्रकाठी पोचायचे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. आपल्या जालन्याहून मुंबई साधारण चारशे किलोमीटर धरली, तर सहा वेळा मुंबईस जाऊन सहा वेळा परत यावे, इतके हे अंतर झाले. २०१५ साली नाशिकचे दोन बंधू, डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन, या शर्यतीत दोघांच्या संघात उतरले. अशा संघास नऊ दिवसांची मुदत असते. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पुरी केली. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. पुढे २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हेच अंतर एकट्याने ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत कापले. एकट्यास मुदत बारा दिवसांची, म्हणजे २८८ तासांची. हिशेब केला तर झोप, जेवण, दुखणे, पाऊस सारे धरून ताशी सुमारे १७ किलोमीटर वेग पडतो. हा वेग ऐकावयास मोठा नाही. आपल्याकडचा धडधाकट मुलगा तासभर तो सहज राखील. पण बारा दिवस तो राखणे हे पायांच्या बळावर होत नाही. कोठे थांबावे, किती झोपावे, काय सोडून द्यावे, हे ज्यास कळते त्यासच ते साधते.

आता ही अमेरिका येथेच ठेवून आपण घरी येऊ. कल्पना करा की, आपल्या केदारखेड्यातील एक तरुण आहे. घरची शेती आहे आणि बाजाराच्या गावी एका दुकानात हिशेबाचे काम आहे. त्याने जुनी का होईना, गिअरची सायकल घेतली आहे. पहाटे उठून तो कधी राजूरच्या गणपतीपर्यंत जाऊन येतो, कधी भोकरदनच्या बाजूस जातो. चार महिने त्याने हा नेम पाळला आहे. येत्या रविवारी शंभर किलोमीटरची शर्यत आहे, आणि नेमका हाच आठवडा वाकडा उगवतो.

सोमवारी शेतीच्या विजेची पाळी रात्रीची येते. गव्हाला पाणी द्यायचे असते. तो रात्रभर वाफे फोडतो आणि पहाटे डोळ्यांत झोप घेऊन घरी येतो. मंगळवारी तेच. सराव दोन दिवस बुडतो. बुधवारी त्याच्या मनात विचार येतो की, बुडालेले सारे एकदम भरून काढावे. दिवसभर काम करून संध्याकाळी तो सायकल काढतो, आणि दोन दिवसांचे अंतर एका दमात कापावयास निघतो.

श्रोतेहो, येथे थांबा. या तरुणाचा सर्वांत मोठा शत्रू सोमवारची वीज नव्हती. तो हा बुधवारचा विचार आहे. शरीराचा व्यवहार सावकारी हिशेबाने चालत नाही. मेहनतीने स्नायू थकतात, झिजतात. ते बळकट होतात नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. आज केलेल्या श्रमाचे फळ हाती येण्यास आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणून शर्यतीच्या आठवड्यात नवे बळ काही मिळवता येत नाही. फक्त असलेले घालवता येते. उलट चार महिन्यांची कमाई चार दिवसांच्या खाड्याने वाहून जात नाही. खेळाचे शास्त्र जाणणारे तर मुद्दाम सांगतात की, शर्यतीच्या आधीचे एक-दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणावे. वेगाचा थोडा सराव मात्र ठेवावा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. तेव्हा पाटाच्या पाण्याने ज्याचा सराव बुडवला, त्यास अर्धी विश्रांती दैवानेच दिली असे समजावे. उणी पडली ती झोप. ती भरून काढावी. अंतर भरून काढू नये.

गुरुवारी त्याचा घसा दुखू लागतो. नाक वाहणे, साधे पडसे एवढेच असेल तर हलके फिरून येण्यास हरकत नाही. पण अंगात ताप असेल, छातीत कफ असेल, सांधे ठणकत असतील, तर सायकलीस हात लावू नये. तापात जोराचे श्रम केले तर हृदयाच्या स्नायूस सूज येण्याचा धोका असतो, आणि धडधाकट तरुण त्यात दगावू शकतात. 'घाम गाळला की ताप उतरतो' ही समजूत आपल्या आखाड्यांतून जुनी आहे. तिला आता निरोप द्यावा. अशा वेळी शर्यत सोडणे यास आम्ही माघार म्हणत नाही. सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ नाशिकला असताना याच अमेरिकन शर्यतीत उतरले. पहिल्या प्रयत्नात त्यांस ती पुरी करता आली नाही. दुसऱ्या प्रयत्नात, २०१७ साली, त्यांनी ती ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत एकट्याने पुरी केली. एकदा अर्ध्यावर थांबलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो. हट्टाने कोसळलेल्यास ती संधी मिळेलच असे नाही.

आपल्या तरुणाचा घसा शुक्रवारी निवळला असे धरू. शुक्रवारी भावकीत लग्न निघते. पंगतीत बसल्यावर लोक म्हणतात, "अरे, सायकलवर बोंबलत फिरून काय मिळणार? बक्षीस तरी किती?" या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर नसते, आणि तो मान खाली घालून जेवतो. हा घाव आम्हांस तापापेक्षाही मोठा वाटतो. शरीर चार दिवसांत सावरते. पण आपण करतो ते निरर्थक आहे असे एकदा मनाने घेतले की सायकल पडवीत टांगली जाते ती कायमची.

शनिवारी कामे थोडी असावीत. साखळी पुसून तेल द्यावे, चाकांतली हवा पाहावी, ब्रेक धरतात की नाही ते पाहावे, पंक्चरचे सामान पिशवीत टाकावे. नवे बूट, नवे सीट, नवे खाणे यांपैकी काहीही शर्यतीच्या दिवशी प्रथम वापरू नये. आणि आदल्या रात्री झोप लागली नाही म्हणून घाबरू नये. एका रात्रीच्या जागरणाने माणूस हरत नाही. आधीच्या रात्रींची झोप मोलाची असते.

रविवारी शर्यत सुरू होते. आपल्या शरीरात, यकृत आणि स्नायू मिळून, साखरेचा साठा जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असतो. जोराने चालविल्यास तो दीड-दोन तासांत संपत येतो, आणि मग पाय एकाएकी दगडासारखे होतात. म्हणून भूक लागण्याआधी खावे: तासाला एक-दोन केळी, नाही तर गूळ आणि खजूर. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण येथेही चालते. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. वाऱ्याचा हिशेबही ध्यानात ठेवावा. ताशी वीसचा वेग पंचवीसवर नेला, तर एवढ्याशा वाढीसाठी वारा कापावयास जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. म्हणून आरंभी उसळून पुढे जाणारा पुष्कळदा शेवटी मागे दिसतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली सुटली की बोरघाट येतो, आणि तेथे प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. सपाटीवर सारी शक्ती उधळलेल्या स्वारास तो घाट राजा होऊ देत नाही.

आपला तरुण पहिला येईल काय? बहुधा नाही. तो कदाचित तिसाव्या क्रमांकावर येईल. पण असा आठवडा ओलांडून तो आरंभरेषेवर शांत मनाने उभा राहिला आणि सुखरूप शेवटास पोचला, तर त्याने मिळवायचे ते मिळवले. पंगतीतल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. आपल्या बळाची मोजदाद आपणच करणे, आणि संकटात काय सोडावे हे ओळखणे, ही विद्या त्यास पुढे शेतात, दुकानात आणि संसारात उपयोगी पडते.

आमच्या भगिनी म्हणतील की, हे सारे तरुणाचे झाले; तरुणीचे काय? प्रश्न रास्त आहे. तिच्या आठवड्यात स्वयंपाक, धुणे, पाणी यांची भर असते, आणि पहाटेच्या अंधारात रस्ता तिला मोकळा नसतो. तरीही पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलीवर १५९ दिवसांत केली. कॅनडात अस्वल मागे लागले. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून त्यांस लुटण्यात आले. त्या पुढे चालत राहिल्या. गावातील एखादी मुलगी असे काही मनात आणील, तेव्हा तिला हसण्यापूर्वी आपण हे नाव आठवावे.

शेवटी आपल्या सर्वांचे काम सांगतो. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्वारामागे मोटार चालते. तीत खाणे देणारे, रस्ता दाखविणारे, झोपेतून उठविणारे सहकारी असतात. केदारखेड्याच्या स्वारामागे मोटार नाही, पण घर आहे, भाऊ आहे, शेजारी आहे. पाण्याची एक पाळी भावाने घेतली, जालना-भोकरदन रस्त्यावर मालमोटार हाकणाऱ्याने त्यास दोन हात जागा सोडली, पंगतीतल्या वडीलधाऱ्यांनी "रविवारी किती वाजता निघणार?" एवढेच विचारले, तर त्याचा वाकडा आठवडा पुष्कळ सरळ होईल. यास खर्च काही नाही. तेवढे आपण करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.