हिवाळ्यांत उभी मोटार आणि तींत शिरणारा उंदीर

ऑक्टोबर महिना संपत आला म्हणजे कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा उत्तरेकडील संस्थानांत मोटारी झांकून ठेवण्याची धांदल सुरू होते. ज्याच्या घरीं एकच मोटार आहे त्याला हा विचार सुचण्याचें कारण नाहीं. बर्फ पडो वा वादळ होवो, त्याला कामावर जावेंच लागतें. परंतु एखादी जुनी, हौसेनें जतन केलेली मोटार किंवा छप्पर मागें सारतां येणारी उन्हाळी मोटार ज्याच्यापाशीं आहे, तो ती नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गॅरेजमध्यें उभी करून ठेवतो. याचें मुख्य कारण थंडी नव्हे, मीठ. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून त्या देशांत रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें खारट पाणी मोटारीच्या पोटाला लागून लोखंड गंजत जातें.

महाराष्ट्रांतून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचें आणखी एक निमित्त असतें. नाताळची सुटी लागली कीं मंडळी आईवडिलांच्या भेटीसाठीं पुण्यामुंबईस येतात. जीं माणसें नोकरींतून मोकळीं झालीं तीं तर थंडी टाळण्यासाठीं दोनतीन महिने इकडेच राहातात. तितके दिवस घर बंद, आणि मोटार गॅरेजांत. परत गेल्यावर किल्ली फिरवावी, तर पंख्यांतून कुबट वास येतो, मापकांच्या पाटीवर भलतेच दिवे लागतात आणि बसण्याच्या गादींतून कापूस बाहेर डोकावत असतो. मोटार मिठापासून वांचली, ती उंदराच्या तावडींत सांपडली!

हा उंदीर एका जातीचा नसतो. एक आपल्या ओळखीचा करडा घरउंदीर. वजनानें जेमतेम वीस ग्रॅम भरणारा. दुसरा त्या खंडांतील रानांत व शेतांत राहाणारा, ज्याला तेथें डिअर माउस म्हणतात. त्याचें पोट व पाय पांढरे, डोळे मोठे, आणि शेंपटी वरून काळसर व खालून पांढरी. या दोहोंतील भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कां, तें पुढें येईलच. हिवाळाभर गाढ झोंपून काढणाऱ्या प्राण्यांपैकीं हे नव्हेत. त्यांना बर्फाच्या दिवसांतहि खावें लागतें, आणि अंगांतील ऊब राखण्यासाठीं मऊ घरटें करावें लागतें. उभी मोटार पहिल्या रात्रीनंतर मुळींच उबदार नसते. पण ती कोरडी असते, तेथें मांजर किंवा घुबड पोंचत नाहीं, आणि घरट्याचें सर्व सामान जागच्या जागीं तयार असतें. गादींतला स्पंज, बॉनेटखालीं चिकटवलेला नमद्यासारखा जाड थर, आणि आंत येणारी हवा गाळण्यासाठीं बसवलेला घडीदार कागदी फिल्टर, एवढें मिळाल्यावर उंदराच्या गृहिणीला आणखी काय हवें? ही गृहिणी सुमारें तीन आठवड्यांत विते, एका वेळीं पांचसहा पिल्लें देते, आणि तीं पिल्लें सहा आठवड्यांचीं होतांच स्वतःचा प्रपंच मांडण्यास सिद्ध होतात. नोव्हेंबरांत एक जोडपें आलें तर मार्चांत किती असतील, हें त्रैराशिक श्रोत्यांच्या घरांतील मुलांना घालावें.

आंत येण्याचा मार्ग कोणता? ज्या भोंकांतून शिसपेन्सिल सरकते त्यांतून लहानसा उंदीर जाऊं शकतो. म्हणजे सुमारें सहासात मिलिमीटर. कवटी आंत गेली कीं बाकीचें अंग तो दाबून घेतो. चाकावरून चढून तो इंजिनाजवळ येतो. पुढील कांचेच्या पायथ्याशीं बाहेरची हवा आंत घेण्यासाठीं जाळीदार खांच असते, तिच्यांतून तो पंख्याच्या पेटींत उतरतो. इंजिनाला हवा पुरवणारी नळी हा त्याचा दुसरा राजमार्ग. धुराच्या नळींतहि तो शिरतो, पण तेथें त्याचें फारसें मन रमत नाहीं.

नुकसान कुरतडण्यानें होतें. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजवल्यावांचून त्याला गत्यंतर नाहीं. पूर्वीच्या मोटारींत तारा थोड्या असत. हल्लींच्या मोटारींत दिव्यापासून ब्रेकपर्यंत सर्व कांहीं तारांच्या जुडग्यांवर चालतें, आणि एक बारीक तार तुटली तरी दोष हुडकण्यांत कारागिराचा सबंध दिवस जातो. या तारांचीं वेष्टणें सोयाबीनपासून बनवूं लागल्यामुळें उंदरांना तीं गोड लागतात, असा एक समज अमेरिकेंत फार पसरला आहे. २०१६ च्या सुमारास कांहीं मोटार-कारखान्यांवर या कारणास्तव दावेहि लावण्यांत आले. समज आकर्षक आहे, परंतु सिद्ध झालेला नाहीं. सोयाबीनचें नांव कोणी घेत नव्हतें तेव्हांहि उंदीर तारा कुरतडीतच होते, हें विसरतां कामा नये.

पैशाचें नुकसान एक वेळ सोसतां येतें. याहून गंभीर गोष्ट डिअर माउसविषयींची आहे. १९९३ सालीं अमेरिकेंत न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॉलोराडो व यूटा हीं चार संस्थानें जेथें एका बिंदूंत मिळतात त्या भागांत धडधाकट तरुण माणसें ताप येऊन, श्वास कोंडून थोड्या दिवसांत दगावूं लागलीं. शोधाअंतीं तो हंटा जातीच्या एका नव्या विषाणूचा प्रताप ठरला, आणि त्याचा वाहक हा पांढऱ्या पोटाचा देखणा उंदीर निघाला. उंदीर स्वतः आजारी पडत नाहीं. त्याच्या लेंड्या, मूत्र व लाळ वाळून त्यांची धूळ हवेंत उडाली आणि ती माणसाच्या श्वासांत गेली म्हणजे रोग जडतो. लक्षणें एकापासून आठ आठवड्यांनीं दिसतात. रोग विरळा आहे. कॅनडांतील रोगी मुख्यतः पश्चिमेकडील प्रांतांतले आहेत. आणि घरउंदरापासून हा रोग होत नाहीं. परंतु ज्यांना होतो त्यांच्यापैकीं तिघांत एकाहून अधिक दगावतात, आणि त्यावर लस किंवा रामबाण औषध नाहीं. चार महिने बंद असलेल्या मोटारींत बसून, कांचा लावून, पंखा जोरांत सोडणें किती अविचाराचें आहे, हें यावरून कळून येईल.

आतां उपायांकडे वळूं. लोकांचे उपाय पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक नाकाला धरून आहेत. डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचें तेल, सुवासिक साबणाच्या वड्या. आपल्याकडे तंबाखूचीं पानें बॉनेटखालीं ठेवण्याची चाल आहे. पुदिन्याचा वास थोड्या दिवसांत उडून जातो आणि उंदीर नव्या वासाला सरावतो. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र उडत नाहीं. तो गाद्यांत असा मुरतो कीं उंदीर परवडला म्हणण्याची पाळी येते. शिवाय ती वाफ लहान मुलांना अपायकारक असते. माणसाला ऐकूं न येणारा तीव्र ध्वनि काढून उंदरांना पळवणारीं यंत्रें विकण्यांत येतात. २००१ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें अशा साठांहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना पत्रें लिहून, शास्त्रीय पुराव्यावांचून अशीं विधानें करूं नका, अशी समज दिली होती. यंत्रें अद्यापि विकलीं जातात, हें निराळें सांगणें नकोच. या सर्वांत होंडा कंपनीची एक चिकटपट्टी त्यांतल्या त्यांत विचारपूर्वक केलेली दिसते. तिला मिरचींतील तिखट द्रव्य लावलेलें असतें, आणि ती तारांभोंवतीं गुंडाळतात. येथें भिस्त वासावर नसून दांत लागतांच तोंड भाजण्यावर आहे.

कांहीं जण उंदीर पळावेत म्हणून दर आठवड्यास दहा मिनिटें इंजिन चालू करतात. हा उपाय सोडून द्यावा. तितक्यांत बॅटरी पुरती भरत नाहीं, धुराच्या नळींत पाणी सांचतें, आणि बंद गॅरेजांत धुरांतला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा प्राण घेऊं शकतो. बॅटरीसाठीं मंद गतीनें ती भरीत राहाणारें उपकरण मिळतें; टाकी भरून ठेवावी, चाकांतील हवा पुरी करावी; या बाबतींत याहून जास्त सांगण्यासारखें नाहीं.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, आणि त्याचा आरंभ मोटारीपासून नव्हे तर गॅरेजापासून होतो. पक्ष्यांना घालण्याचे दाणे, कुत्र्याचें खाणें, गवताचें बीं, हें सर्व तेथून हलवावें किंवा घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें. मोठ्या दाराच्या तळाशीं रबराची पट्टी असते. तिच्या दोन्ही टोकांना कोपऱ्यांत जी फट राहाते, तीच बहुधा उंदरांचें महाद्वार असते. भिंतींतील भोंकें सहा मिलिमीटरांहून बारीक तारेच्या जाळीनें व सिमेंटानें बुजवावीं. नुसता फेंस भरला तर उंदीर तो एका रात्रींत पोखरतो. मग मोटार. लहान मुलें ज्या घरांत आहेत तेथील मोटारींत बिस्किटांचा चुरा, शेंगदाणे, चिवडा हीं गादीच्या खांचांत असतातच. तीं शेवटच्या कणापर्यंत काढावीं. कागदी रुमाल, लोकरीच्या शाली, जुनीं वर्तमानपत्रें आंत ठेवूं नयेत. हवेच्या नळीच्या व धुराच्या नळीच्या तोंडांत तारेचा काथ्या कोंबावा. साधा पोलादी काथ्या गंजतो, म्हणून तांब्याचा अगर न गंजणाऱ्या पोलादाचा घ्यावा. प्रत्येक बोळ्याला हातभर लाल फीत बांधून ती बाहेर लोंबती ठेवावी, आणि किती बोळे कोठें घातले तें कागदावर लिहून तो कागद सुकाणूच्या चक्राला बांधावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नळींत विसरलेला काथ्या इंजिनाचें जें करील तें शंभर उंदीर करणार नाहींत.

इतकें करूनहि एखादा येतोच. त्यासाठीं सापळे. लांकडी फळीवर स्प्रिंग बसवलेला जो सापळा आज जगभर दिसतो, त्याचें पेटंट इलिनॉयमधील विल्यम हूकर याला १८९४ सालीं मिळालें. त्यानंतर त्यांत सुधारणा करण्यासारखें फारसें कांहीं उरलें नाहीं. उंदीर उघड्यावरून न जातां भिंतीच्या कडेनें धांवतो. म्हणून सापळा भिंतीशीं काटकोनांत, आमिषाचें टोक भिंतीकडे करून, आणि एकेक चारी चाकांशीं ठेवावा. पीनट बटर म्हणून जें शेंगदाण्याचें लोणी मिळतें, तें वाटाण्याएवढें पुरे. डिअर माउसला घरट्यासाठीं कापूसहि तितकाच हवासा असतो. मालक हिंदुस्थानांत असेल तर आठवड्यांतून एकदां सापळे पाहाण्याचें काम शेजाऱ्याकडे सोंपवावें, आणि येतांना त्याच्यासाठीं चांगलीशी भेट आणावी.

विषाची गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनमध्यें कुजकें क्लोव्हर गवत खाऊन गुरें रक्तस्राव होऊन मरत. त्यांतील द्रव्य तेथील विद्यापीठांतले कार्ल पॉल लिंक यांनीं शोधलें, आणि त्याच जातीचें वॉरफरिन १९४८ पासून उंदरांचें विष म्हणून विकूं लागले. पुढें तेंच माणसाच्या रक्तांत गुठळ्या होऊं नयेत म्हणून औषध झालें. उंदीर वॉरफरिनला सरावले, तेव्हां त्याहून जहाल विषें निघालीं. आणि तीं खाल्लेले उंदीर खाऊन घुबडें व ससाणे मरूं लागले. म्हणून ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें २०२३ सालीं या जहाल विषांवर बहुतेक सर्व ठिकाणीं कायमची बंदी घातली. मोटारवाल्याला आणखी एक अडचण आहे: विष खाल्लेला उंदीर पंख्याच्या पेटींत जाऊन मरतो, आणि तेथें पोंचण्यासाठीं अर्धी मोटार उकलावी लागते.

येथें मराठी घरांत एक प्रश्न निघतोच. नातवाकडे राहावयास गेलेल्या आजी म्हणतात, "अरे, बाप्पाचें वाहन तें! मारूं नकोस रे, बाहेर सोडून दे." नातू पिंजरा आणतो आणि उंदीर बर्फांत सोडतो. घरटें नाहीं, सांठवलेला दाणा नाहीं. उणे पंधरा अंशांत तो लहान जीव बहुधा त्याच रात्रीं गारठून मरतो, नाहीं तर माग काढीत परत येतो. आजींची दया अस्थानीं नाहीं, पण ती ऑक्टोबरांत फटी बुजवून दाखवली पाहिजे. चिकट पुठ्ठ्यांवर उंदीर अडकवून तासन् तास तडफडत ठेवणें मात्र कोणाच्याच घरीं होऊं नये.

पुण्यामुंबईकडील श्रोत्यांना बर्फाची चिंता नाहीं, परंतु पावसाळ्यांत चाळीच्या अंगणांत उभ्या मोटारींत मोठे उंदीर शिरतात, ते याच कारणांसाठीं. घूस तर इंजिनापर्यंत चढली नाहीं तरी खालच्या नळ्या कुरतडते. तेथें भोंकें मोठीं, बोळे मोठे. आणि भय हंटाचें नसून उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यापासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचें असतें.

एप्रिलांत मोटार बाहेर काढतांना प्रथम गॅरेजचें दार, मग मोटारीचीं चारी दारें व बॉनेट उघडून वीसतीस मिनिटें वारा खेळूं द्यावा आणि आपण दूर राहावें. लेंड्या दिसल्या तर झाडूं नयेत, धूळ ओढणारें यंत्रहि लावूं नये. रबरी मोजे घालून, नऊ भाग पाण्यांत एक भाग ब्लीच मिसळून तो भाग चिंब भिजवावा, पांच मिनिटें थांबून कागदानें टिपून घ्यावा, आणि तो कागद दुहेरी पिशवींत बांधून टाकावा. इंजिनाजवळ मात्र ब्लीच नको, त्यानें धातु खराब होतो. तेथें बॅटरी सोडवून साधें जंतुनाशक फवारावें. समोरच्या कप्प्यामागचा हवेचा फिल्टर काढून पाहावा; त्यांत घरटें असेल तर तो ओला करून तसाच फेंकून नवा बसवावा. मग सुकाणूचा कागद हातीं घेऊन लाल फितींचे बोळे एकेक मोजून बाहेर काढावे, बॅटरी जोडावी, आणि यादी पुरी झाल्यावरच किल्ली फिरवावी.