एक नाव, अनेक व्यक्ती
(शिनोली येथील शिक्षक-संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



इतिहासात एकाच नावाच्या अनेक थोर व्यक्ती होऊन गेल्या. वर्गात त्यांची गल्लत होऊ नये, एवढ्या एकाच गोष्टीकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे श्रेय मी अनवधानाने साताऱ्याच्या शाहू महाराजांना देऊन बसलो. वार्षिक परीक्षेत एका मुलाने तेच लिहिले व त्याचे गुण गेले. तो मला एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तसे सांगितले होते." ती बोचणी अद्याप गेलेली नाही.

साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) हे संभाजी महाराजांचे पुत्र. त्यांचे जन्मनाव शिवाजी, म्हणजे आजोबांचेच. कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) हे दत्तक येण्यापूर्वी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव होते. आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ साली सुरू करविले ते यांनी. दोहोंमध्ये जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे.

संभाजी या नावाचेही तसेच. आपल्या शेजारच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आले. पुढे १६५७ साली पुरंदरावर शिवरायांना पुत्र झाला, त्याचेही नाव संभाजी ठेवण्यात आले. तिसरे संभाजी हे राजाराम महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे छत्रपती. त्यांच्यात व चुलतबंधू शाहूंत १७३१ साली वारणेचा तह झाला.

गेलेल्या वडीलधाऱ्यांचे नाव नव्या बाळास ठेवण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. मुलांना ती ठाऊक असते. म्हणून प्रारंभ तेथूनच करावा. आपले नाव कोणाचे, हे प्रत्येकाने घरी विचारून यावे.

उपायही आपल्या हाताशीच आहे. हजेरीपटात एकाच नावाची दोन मुले आली, तर आपण वडिलांचे नाव व आडनाव पाहतो. तोच नियम इतिहासास लावावा. फळ्यावर नावापुढे वडिलांचे नाव, गादीचे गाव व साल लिहावे. या एका ओळीस अर्धे मिनिट पुरते. चुकीचे शिकविलेले पुसण्यास मात्र वर्षे लागतात, आणि त्याचा दंड मुलाला भरावा लागतो.