साइडपट्टीवरची शाळा



शिक्षणावर बोलायला बोलावलेला वक्ता सहसा शाळेच्या फाटकातून आत शिरतो आणि मग अभ्यासक्रम, गुण, इंग्रजी असा फिरत राहतो. मी आज फाटकाबाहेरच थांबणार आहे.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी दहाच्या सुमारास मी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी होते. सातवी-आठवीतली एक मुलगी सायकलवरून येत होती. कॅरिअरला दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजला. तिला डांबरावरून साइडपट्टीवर उतरायचं होतं. पण डांबराचे थर वर चढत गेलेत आणि साइडपट्टी जिथल्या तिथे राहिलीय, मध्ये वीतभर पायरी झालीय. मुलगी सायकलवरून उतरली, सायकल उचलून खाली ठेवली, ट्रॉल्या जाऊ दिल्या, सायकल उचलून परत वर घेतली. माझ्या नजरेच्या टप्प्यात तिने हे तीनदा केलं, पाढा म्हणावा इतक्या सरावाने. त्या सरावाचीच मला धास्ती वाटली.

मंडळी, शाळा किती लांब असावी हे कायद्यात लिहिलेलं आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 चा आणि आपल्या राज्याचे नियम 2011 चे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. अंतर मोजलं गेलं, पण त्या अंतरात काय काय आहे हे मोजायचं राहून गेलं. ओढ्यावरचा फरशी पूल आहे, पाऊस झाला की तो दिसत नाही. वळणावर बाभळी आहेत, त्यांच्याआडून गाडी आलेली कळत नाही. कागदावर तो एकच किलोमीटर असतो.

आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली अहिल्याबाई जन्मल्या. त्यांच्या नावाच्या योजनेतून खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो आणि त्यामुळे कितीतरी मुली हायस्कुलात टिकल्या. पण एसटी फाट्यावर थांबते. वस्ती ते फाटा आणि स्टँड ते शाळा ही दोन टोकं पायीच राहतात, आणि त्या टोकांना पास नाही. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने वाढलेलं दिसलं. म्हणजे मुलीचं शिक्षण कुठे अडतं, तर पुष्कळदा वाटेत.

मग ही वाट नीट कशी करायची? त्यासाठी परदेशातला तज्ज्ञ आणायची गरज नाही, रीत जामखेडचीच आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. डॉक्टर औषधं घेऊन आले होते, दुष्काळातल्या लोकांनी मागितलं पाणी आणि अन्न. त्यांनी आधी ते ऐकलं. कूपनलिका घेतल्या, आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं अशा बायांना त्यांनी बाळाचं वजन करायला, आजार ओळखायला शिकवलं. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या रीतीला. आधी विचारा, स्वतः मोजा, आणि वस्तू कुठे ठेवायची ते विचार करून ठरवा, अशी ती रीत.

तीच आता रस्त्याला लावू. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात कोरे कागद वाटा. मुलांनी घर ते शाळा वाट काढायची. भीती वाटते तिथे लाल खूण. कुत्री कुठे, अंधार कुठे, कुठल्या टपरीसमोरून जाताना मुली मान खाली घालतात, हे कागदावर येईल. ही शेवटची खूण मुली बाईंनाच दाखवतील, तेव्हा तो कागद बाईंनीच गोळा करावा. सगळ्या वाटा एका मोठ्या कागदावर उतरवल्या की तीन-चार रेघा आपोआप जाड होतील. आधी तेवढ्याच दुरुस्त करायच्या.

त्या रेघांवरून पायी चालताना काय दिसेल? पहिला भेटेल गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट असायला हवा. आपल्याकडे पालथी पन्हळ ठेवावी तसा अरुंद आणि उभा उंचवटा असतो. कंबर वाचवायला मोटारसायकलवाला कडेच्या फटीतून गाडी काढतो, आणि ती फट नेमकी मुलांच्या चालण्याच्या जागेत असते. मुलांसाठी घातलेला गतिरोधक गाड्या मुलांच्याच अंगावर घालतो! पुढे शाळेचं फाटक. तिथली सगळ्यात मोठी कोंडी आपणच करतो. रस्ता धोक्याचा म्हणून पोराला गाडीवर सोडायला जातो आणि धोक्यात आपल्या गाडीची भर घालतो. गाड्या दोनशे मीटर अलीकडे थांबवा, पुढचं मुलं चालतील.

डेन्मार्कने 1976 मध्येच कायद्याने ठरवलं, की शाळेच्या वाटेवर मुलांना जपणं हे पोलिस आणि रस्तेखात्याचं काम, आणि ते शाळांशी बोलून करायचं. आपल्याकडेही कायदा अगदीच रिकामा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 198 अ कलम आलं. ठरलेली मानकं न पाळता रस्ता केला आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्ता करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. पादचाऱ्याला मोकळा पदपथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं.

पण अर्ज कुणाकडे करायचा? एक रस्ता नगर परिषदेचा, दुसरा बांधकाम खात्याचा, तिसरा जिल्हा परिषदेचा. या टोलवाटोलवीत आपण सगळे थकतो. म्हणून अर्ज एकट्याचा नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार त्याच समितीचा आहे. त्यात भिंत, छप्पर, संगणक येतं, तशी वाटही आली पाहिजे. नकाशा, मापं, फोटो जोडून ठराव केला, की तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे नेता येतो.

रस्ता दुरुस्त होईपर्यंत काय? आपल्याला दिंडी ठाऊक आहे. पुढे झेंडा, शिस्तीला चोपदार, ओळ मोडायची नाही, आणि समोरून ट्रक आला तरी तो वाट देतो. वस्तीवरची पोरं ठरल्या वेळी ठरल्या झाडाखाली जमली आणि दोन मोठी माणसं पाळीपाळीने सोबत निघाली, तर तीही दिंडीच. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंग्विश्टने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हीच कल्पना मांडली आणि तिला 'चालती बस' म्हटलं. आपल्याला तर ती शिकावीही लागणार नाही.

शाळा उघडायला अजून दिवस आहेत. त्या साइडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणायची, तर आधी पायरी किती खोल आहे आणि किती लांबपर्यंत आहे ते सांगावं लागेल. उद्या सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, मी तिथे जाणार आहे. तीस मीटरची टेप मी आणली आहे. तिचं दुसरं टोक धरायला कुणीतरी यावं.