एका कान्याचा फरक



 अनुवादकांपुढच्या अध्यक्षीय भाषणात अनुवादाच्या थोरवीबद्दल बोलायचा रिवाज आहे. मला मात्र आज एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते वाक्य मी पंचविशीत चुकवलं आणि अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळीला गिरगावातल्या एका जुन्या चाळीबद्दल दोन ओळींची इंग्रजी बातमी आली. चाळ ‘इज लाइकली टु बी पुल्ड डाउन’. पान सुटायला दहा मिनिटं होती. मी लिहिलं, ‘चाळ पडण्याची शक्यता’. सकाळी घरी जाताना वाट वाकडी करून तिकडे डोकावलो, तर चाळीतली निम्मी बिऱ्हाडं फुटपाथवर आलेली. वळकट्या, स्टोव्ह, पितळेची पातेली. एक आजीबाई देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन बसल्या होत्या. कुणीतरी आमचाच अंक हातात धरून वाचून दाखवत होतं. चाळ पडणार नव्हती, पाडणार होते. तेही ठरलेलं नव्हतं, फक्त तसा रंग दिसत होता. एक काना राहिला आणि माणसं रस्त्यावर आली.

त्यानंतरची कितीतरी वर्षं मी या एका वाक्यरचनेमागे आहे. शक्यता सांगणारा शब्द आणि त्याला जोडून आलेलं कर्मणी क्रियापद. इंग्रजी माणूस ही जोडी दिवसभर वापरतो. गाडीला उशीर होईल, सामना रद्द होईल, साहेबांची बदली होईल, सगळं याच साच्यातून येतं. त्याला ते जाणवतही नाही. आपल्याला जाणवायला हवं, कारण ते आपल्या हातून मराठीत यायचं असतं.

‘लाइकली’ हा शब्द वाक्यात कर्त्यापाशी बसलेला दिसतो, पण तो कर्त्याचा नसतो, सगळ्या वाक्यावर छत्री धरून उभा असतो. परीक्षा सोपी आहे. डॉक्टर रोग्याला तपासण्याचा संभव आहे म्हणा, किंवा रोगी डॉक्टरांकडून तपासला जाण्याचा संभव आहे म्हणा, अर्थ तोच राहतो. आता ‘लाइकली’च्या जागी ‘ईगर’ घाला. डॉक्टर तपासायला उत्सुक असणं वेगळं आणि रोगी तपासून घ्यायला उत्सुक असणं वेगळं. उत्सुकता कुणाची तरी असते, संभव कुणाचाच नसतो. गंमत अशी की ‘प्रॉबेबल’ला ही मुभा नाही. ‘ही इज लाइकली टु बी चोझन’ चालतं, ‘ही इज प्रॉबेबल टु बी चोझन’ कोणी इंग्रज म्हणणार नाही. अर्थ जवळचा, पण वागणूक वेगळी.

या साच्यातले शब्द वरवर सारखे दिसतात, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. ‘बाउंड टु बी’ म्हणजे टळणार नाही अशी खात्री. ‘लायबल टु बी’ बहुधा नको असलेल्या गोष्टीसाठी: दंड होईल, गैरसमज होईल. ‘ड्यू टु बी’मध्ये संभव नाहीच, वेळापत्रक आहे. ‘एक्स्पेक्टेड टु बी’ फसवा. पाऊस ‘एक्स्पेक्टेड’ असतो तेव्हा तो अंदाज असतो, आणि विद्यार्थी वेळेवर येणं ‘एक्स्पेक्टेड’ असतं तेव्हा तो हुकूम असतो. ‘सपोज्ड टु’ तर अंदाजाकडून कर्तव्याकडे सरकत गेलेला. ‘रूमर्ड’ची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद कर्मणीतच भेटतं. अफवा ‘पसरवली गेलेली’ असते, ती ‘मी पसरवतो’ असं म्हणायला या क्रियापदाला तोंडच ठेवलेलं नाही. ‘सेड टु बी’चंही तेच. भाषेनंच सांगणाऱ्याला लपायला जागा करून दिली आहे.

आणि एकेका वाक्यात दोन-दोन माणसं लपतात. ‘द आयडॉल इज बिलीव्ह्ड टु हॅव बीन स्टोलन.’ मानणारा कोण? दिसत नाही. चोरणारा कोण? तोही दिसत नाही. आपण काय करतो? ‘मूर्ती चोरली गेली असल्याचे मानले जाते.’ इंग्रजीतल्या दोन्ही रिकाम्या खुर्च्या उचलून मराठीत आणून मांडतो. मला हे वाक्य दिसलं की पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते. ‘मूर्ती चोरीला गेली असावी, असं पोलिसांना वाटतं’ असं लिहायला काय हरकत आहे? ‘चोरीला जाणं’ ही आपली घरची रचना आहे, तिच्यात चोर आपोआप अज्ञात राहतो. मानणारे पोलीस असतील तर मूळ बातमीत चार ओळी खाली त्यांचं नाव बहुतेक वेळा सापडतं. ते शोधायला अर्धं मिनिट लागतं.

पण मोठी पंचाईत मात्रेची आहे. ‘लाइकली’ म्हणजे किती? १९५१ साली अमेरिकी गुप्तवार्ता विभागानं युगोस्लाव्हियाबद्दल एक अंदाजपत्र तयार केलं. त्यात म्हटलं होतं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला ही गंभीर शक्यता मानली जावी. पुन्हा तीच जोडी, शक्यता आणि कर्मणी. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एकानं हे अंदाज तयार करणाऱ्या शेरमन केंट यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याकडे शंभरात पासष्ट. विचारणारा दचकला, त्यानं शक्यता पुष्कळ कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. एका टेबलाभोवती बसून, एकमतानं, तोच मजकूर लिहिणाऱ्या त्या माणसांच्या मनातले आकडे वीसपासून ऐंशीपर्यंत पसरले होते. केंट यांनी १९६४ साली हे सगळं लिहून काढलं आणि शब्दांना आकडे बांधून द्यायचा आग्रह धरला. आजही सगळ्यांची फूटपट्टी एक नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्के किंवा त्याहून जास्त. अमेरिकी गुप्तवार्तेच्या २०१५ च्या नियमांत तोच शब्द ५५ ते ८० टक्के. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र पक्की आहे: ‘लाइकली’ निम्म्याच्या वर आहे.

आणि आपण? ‘लाइकली’ला शक्यता, ‘पॉसिबल’ला शक्यता, ‘मे बी’ला शक्यता, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ला ‘शक्यता नाकारता येत नाही’. हवामान अहवालाच्या अनुवादात ६६ टक्क्यांची गोष्ट आणि दहा टक्क्यांची गोष्ट एकाच शब्दात बसवली, तर वाचणाऱ्या शेतकऱ्यानं पेरणीचं काय ठरवायचं?

याचा चटका मला घरात बसला. मावशीच्या तपासणीचा इंग्रजी अहवाल मी फोनवरून मावसभावाला मराठीत सांगत होतो. गाठ निरुपद्रवी असण्याचा संभव जास्त, असं लिहिलेलं होतं, आणि शेवटी ते ठरावीक वाक्य की कर्करोग ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. तपासणाऱ्यानं सावधगिरी म्हणून टाकलेलं, तराजूत अगदी हलकं असलेलं ते वाक्य मी ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं सांगितलं. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. नंतर भाऊ म्हणाला, “दादा, आईला काय सांगू?” मराठी कानाला ‘नाकारता येत नाही’ फार जड लागतं. नाकारायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, असं ऐकू येतं. त्या रात्री मी पुन्हा फोन केला आणि म्हणालो, “गाठ बहुतेक साधीच आहे. पूर्ण खात्रीसाठी एक तपासणी बाकी आहे, एवढंच.” हाच त्या अहवालाचा अनुवाद होता. आधीचा नव्हता.

आपल्याकडे साधनं कमी नाहीत. मोरो केशव दामल्यांचं व्याकरण १९११ सालचं आहे, ते उघडून बघा, प्रयोगविचारावर किती बारकाईनं काम झालंय ते. मला मात्र क्रियापदाच्या शेपटीकडे लक्ष वेधायचंय. खिडकीत दिवा दिसला की आपण म्हणतो, ‘तो घरी असावा’. दिवा दिसला नाही, पण त्याची सवय माहीत आहे, तर म्हणतो, ‘या वेळी घरी असेल’. शेजाऱ्यानं सांगितलं तर ‘घरी आहे म्हणे’. पुरावा, अटकळ आणि ऐकीव, तिन्ही एकेका शब्दात वेगळी झाली. ऐकीव सांगायला इंग्रजी बऱ्याचदा अख्खी कर्मणी यंत्रणा चालवते, आणि तरीही ‘म्हणे’चा हलकेपणा तिला साधत नाही. मग ‘असे बोलले जाते’ हे लाकडी वाक्य आपण कुठून आणलं? ‘होण्याच्या बेतात’, ‘होईलसं दिसतं’, ‘होण्याची चिन्हं आहेत’, ‘होण्याचा रंग आहे’, ‘झालंच तर’ ही सगळी वजनं आपल्याच तराजूतली आहेत. ‘बहुतेक’ जपून वापरावा, एवढंच. ‘बहुतेक लोक येतील’ याचे दोन अर्थ होतात.

आता पुन्हा त्या कान्याकडे येतो. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, बुडणे-बुडवणे, मरणे-मारणे. या जोड्या मराठीचं वैभव आहेत, आणि कर्मणीच्या अनुवादात तिथेच ठेच लागते. इंग्रजी कर्मणी कर्त्याला लपवतं, पण त्याची खुर्ची तिथेच ठेवतं. गावं ‘आर लाइकली टु बी सबमर्ज्ड’ म्हटलं की बुडवणारा कुणीतरी आहे याची खूण वाक्यात उरते. ‘गावे पाण्याखाली जाण्याची शक्यता’ असं लिहिलं की खुर्चीसुद्धा जाते. गावं जणू आपल्या पायांनी पाण्यात चालत गेली. मुळशी धरणाविरुद्धच्या १९२१ च्या सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर उभ्या राहिलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांना हा फरक कुणी शिकवावा लागला नव्हता. त्यांची जमीन बुडत नव्हती, बुडवली जात होती. धरणांचे, रस्त्यांचे, झोपडपट्ट्यांचे अहवाल आजही इंग्रजीत लिहिले जातात आणि ज्यांची घरं जायची असतात त्यांच्यापर्यंत ते आपल्या मराठीतून पोचतात. तिथे ‘हटणार’ आणि ‘हटवणार’ यांत गफलत करणं मला क्षम्य वाटत नाही. उलटही तितकंच खरं. डोंगर खचतो तेव्हा तो कुणी खचवलेला नसेल, तर उगाच कर्ता उभा करू नये.

कर्मणी सरसकट टाळा असं मी म्हणत नाही. इंग्रजी लेखक ऑर्वेलनं १९४६ साली लेखकांना, कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका, असा नियम घालून दिला, तो मला अनुवादकासाठी पटत नाही. कधी कर्ता खरोखर माहीत नसतो, कधी सांगणं धोक्याचं असतं, कधी तो महत्त्वाचाच नसतो. मूळ लेखकानं मुद्दाम झाकलेला कर्ता आपण उघडा करणं हाही बेइमानपणा होईल. प्रत्येक वेळी थांबून दोन प्रश्न विचारायचे: हे कुणाला वाटतं, आणि किती वाटतं. उत्तर मूळ मजकुरात असेल तर ते मराठीत आलंच पाहिजे. नसेल तर रिकामी जागा रिकामीच, पण दिसेल अशी ठेवायची.

उद्या सकाळी साडेनऊच्या सत्रात प्रत्येकाला एक कागद मिळेल. त्यावर वीस इंग्रजी वाक्यं आहेत, सगळी वर्तमानपत्रं, अहवाल आणि दवाखान्याच्या कागदांतून वेचलेली. पहिलं वाक्य गिरगावच्या चाळीचं आहे. त्याचं मराठी मी अजून तीन तऱ्हांनी करतो आणि तिन्हींत काहीतरी राहून जातं. तुमच्यापैकी कुणाला चौथी तऱ्हा सापडली, तर मला ती तिथल्या तिथे ऐकायची आहे. कागदावर पेन्सिलीनं लिहा, खोडावं लागेल.